चाळीस पाणी

वसिलाच्या संगणकातल्या समुद्रात सबारीस माशाचं पिलू तिळाएवढं होतं. अंड्यातून निघालं की प्रवाह नेईल तिकडं वाहायचं. ठरलेले दिवस भरले की खाली उतरायचं; खाली गवत असलं तर जगायचं, नसलं तर मरायचं. स्फाक्स शहरातल्या मत्स्यसंस्थेत वर्षभर तिनं हा समुद्र चालवला आणि तिच्याच बापाच्या खाडीत, केरकेना बेटावर, एकही पिलू उतरलं नाही. सगळी खोल समुद्रात जाऊन मेली. नकाशावर खाडी कोरी राहिली. इथं मासा वाढत नाही, असा अहवाल गेला, खाली तिची सही. त्याच सहीवर खाडी उपसून मोठ्या बोटींचा धक्का बांधायचं ठरलं.

बुधवारी ओहोटीला ती बापामागून पाण्यात उतरली. खजुराच्या झावळ्या तळात रोवून केलेलं माशांचं कुंपण तिथं होतं. समुद्राचा तेवढा तुकडा तीन पिढ्या घराच्या नावावर.

"या, शास्त्रीणबाई," तिचा बाप ख्मैस म्हणाला. "तुमच्या नकाशात जे मेलेत, ते उचलायला टोपली धरा."

कुंपणाच्या टोकाचा सापळा सबारीस माशांनी तडतडत होता. बोटाएवढी पिलं त्यानं ओंजळीनं गवतात परत सोडली, लेकराला पाळण्यात ठेवावं तशी.

"केव्हा लावला होता, बाबा?"

"रविवारी. सहा झाली."

"सहा? तीनच दिवस झालेत."

"सहा पाणी ग! दिवसाला दोन भरत्या. समुद्रातलं दिवसांनी मोजतं का कुणी? दिवस जमिनीवरच्यांचे. बारा वर्षांची शाळेला बेट सोडून गेलीस ती एवढंही विसरलीस?"

वसिलाला एक फोन आठवला. सबारीसची पिलं किती दिवस वाहतात, याचा पुस्तकांत मेळ नव्हता. कुणी पंधरा दिवस म्हणे, कुणी पंचेचाळीस. मग तिनं घरी फोन लावला होता. "चाळीस," बाप ठामपणे म्हणाला होता. "आज्यापासून चाळीस." केवढ्या अभिमानानं तिनं तो आकडा घातला होता!

घरी येऊन तिनं संगणकात चाळीस दिवसांचे वीस केले. दुपारी पडद्यावरची खाडी तिळांनी भरून आली, भाकरीवर पेरावेत तशी.

तिनं बंदर खात्याला फोन केला.

"उपसणीचं जहाज निघालंय, बाई. तुमचीच सही आहे ना? पत्र पाठवा, फायलीला लावू."

"पण माझा आकडा चुकला होता! खाडीत पिलं आहेत!"

"फाईल बंद झालीय."

ख्मैस उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता.

"चुकलं ना? म्हटलं होतं मी. आकडा दिला कुणी तुला?"

वसिलानं त्याच्या मिठानं फाटलेल्या टाचांकडं पाहिलं.

"पुस्तकात होता."

"कुणाच्या?"

"आहे एक परदेशी."

"गुडघाभर पाण्यात उतरला नसेल मेला कधी! मला विचारायचं होतंस. काढ कागद, त्यालाच पत्र धाडू. मी सांगतो, तू लिही."

तिनं कागद काढला.

"लिही, तुला कुणी मोजायला शिकवलं नाही."

तिनं लिहिलं.

"लिही, माझ्या बापाचं पाणी तू मारलंस. तुझ्या चुलीवर मासा शिजू नये."

तिनं तेही लिहिलं.

"आता वाच. एक शब्द गाळू नकोस."

वसिलानं त्याच्याकडं न बघता सगळं वाचून दाखवलं.