दोन मिनिटं

निवृत्त हवालदार नाथाजी जाधव आष्ट्याजवळच्या गावचे. नोकरीत असताना ते शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानला गेले होते. तिथला दुभाष्या डेंग त्यांचा जिवलग झाला. निवृत्तीनंतरही तो फोन करायचा आणि नाथाजींच्या बायकोला, मनुबाईंना, मोडक्या हिंदीत "भाभी, नमस्ते" म्हणायचा.

यंदा डेंगच्या भावाचा निरोप आला. हल्लेखोरांनी त्यांची वस्ती पेटवली होती. डेंग, त्याची बायको, मुली, कुणीच उरलं नव्हतं.

नाथाजी ग्रामसभेत उठले आणि घडलेलं सांगून म्हणाले, "त्या माणसांसाठी दोन मिनिटं उभं ऱ्हाऊया."

"आपल्यातलं कोण हुतं का त्यात?" सरपंच दिग्विजयनं विचारलं.

"न्हाई. पर माणसंच हुती की."

"आवं आबा, जगात रोजच मारामारी चाललीया. कुणाकुणासाठी उभं ऱ्हायचं?"

लोक हसले आणि विषय गटारीच्या कामावर गेला.

पुढं पंधरवड्यानं दिग्विजयचा शर्यतीचा बैल मेला. चौकात बैलाच्या फोटोचा भलामोठा फलक लागला. श्रद्धांजलीला सगळा गाव लोटला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

नाथाजीही उभे राहिले. मनातल्या मनात त्यांनी डेंगचं, त्याच्या मुलींचं नाव घेतलं, तसे त्यांचे डोळे वाहायला लागले.

दिग्विजयनं जवळ येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "रडू नका, आबा. लय गुणाचा हुता."

नाथाजींनी तो हात बाजूला केला आणि घरची वाट धरली.

"म्हाताऱ्याचा लय जीव हुता बैलावर," मागनं कुणीतरी म्हणालं.