भट्टीचं बाळंतपण

काकांनी किमयागारांवरचं एक जाडजूड पुस्तक वाचलं आणि आमच्या घंटांच्या ओतशाळेचं वाटोळं झालं. भिंतीवर सूर्य आला, चंद्र आला, स्वतःचीच शेपटी गिळणारा साप आला. कोळशाची पोती जिथं टेकवायचो नेमका तिथंच साप, त्यामुळे पोतीही हलवावी लागली.

तांब्याला ते शुक्र म्हणू लागले, कथलाला गुरू. "ही भट्टी नव्हे, गर्भाशय आहे," ते मला सांगत. "खनिज जमिनीच्या पोटात युगानुयुगं पिकत असतं, शेवटी त्याचं सोनं होतं. आपण फक्त लवकर सुटका करतो. पहिल्या धातूवाल्यांना हे कळलं होतं, म्हणून ओतताना ते बायकांना बाहेर ठेवायचे. गर्भाला दृष्ट लागते."

म्हणजे पुस्तक नवं, अडवणूक जुनीच. बाबा होते तेव्हाही माती मी मळायची, साचा मी करायचा, भाता मी ओढायचा, आणि ओतायची वेळ आली की मी बाहेर. आता बाबा नव्हते. आमच्या घरात रीत अशी, की मालक गेल्यावर पहिली घंटा जो ओतेल, ओतशाळा त्याची. एका शाळेची घंटा ओतायची होती, आणि काकांनी त्यासाठी आपल्या जावयाला बोलावलं होतं. जावई विमा विकतो. सांडशी त्यानं उलटी धरली होती.

तांबं वितळलं होतं, कथील टाकून झालं होतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग. तेवढ्यात आत्या आली. ती काकांची थोरली बहीण, उभा जन्म सुईणपणात गेलेला. तिनं भिंतीवरची चित्रं पाहिली, काकांचं प्रवचन पुरतं ऐकून घेतलं.

"म्हणजे हे गर्भाशय?"

"हो."

"आणि आज बाळंतपण?"

"अगदी बरोबर, ताई!" काका खूश झाले. बहिणीला त्यांचं काही पटण्याची ही पहिलीच वेळ होती.

"मग मेल्यांनो, तुम्ही दोघं इथं काय करताय? चला, व्हा बाहेर!"

काका पुस्तकाची पानं उलटत उलटतच बाहेर गेले. जावई तर कधीच पळाला होता. आत्यानं आतून कडी लावली आणि बाह्या सरसावल्या.

"सांग, काय धरू?"

लांब दांड्याच्या सांडशीत रसानं भरलेली मूस, एक बाजू तिची, एक माझी. तिनं आयुष्यभर अडलेल्या बायका सोडवल्या होत्या, तिची पकड पक्की होती. मी मूस कलती केली आणि धार साच्यात सरळ गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही साचा फोडला. टोला दिला तेव्हा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला, आणि मी आत्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले.

काका सकाळपासून बाहेर येरझाऱ्या घालत होते. दार किलकिलं करून म्हणाले, "येऊ का आत? बघू दे की जरा."

विचारत होते. मला.

"या की," मी म्हटलं, "पण आधी हात साबणानं धुऊन या."