पलतडचं पाणी

मी बांध बोलतोय. हळर्णच्या खालच्या अंगाला, नदीकाठी, गुरुदासच्या नव्या पोफळींना पाठीशी घालून उभा आहे, तोच. येणारे-जाणारे म्हणतात, "बांध असावा तर असा!" ऐकलं की लाजेने तोंड मातीत खुपसावंसं वाटतं. पण मी आधीच मातीत रोवलेला, खुपसणार कुठे?

माझ्या जागी पूर्वी मळा होता. पाऊस सरला की मिरची आणि अळसांदे, पावसात नुसतं पाणी. मग गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला, रस्ते आणि पूल निघाले, मळ्याखालच्या गोट्यांना भाव आला. गुरुदासच्या बापाने जमीन खडीवाल्यांना दिली. उपसून उपसून मळ्याची खोल खण झाली. दिसायला ओंगळ, पण पोट मोठं. पूर आला की निम्मा तिच्यातच मावायचा.

गोटे संपले, ट्रक गेले. खण बुजवून तिथे कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, करायचं गुरुदासने मनावर घेतलं. भराव पडला. तो नदीने ओढून नेऊ नये म्हणून कोल्हापूरकडच्या हरी आणि गंगा या नवराबायकोने मला दगडावर दगड लावून रचलं. दुपारी गंगा माझ्याच सावलीत भाकरी सोडायची. ते दिवस सुखाचे होते.

पाहणीला आलेले पाटबंधारे खात्याचे साहेब माझ्यावर उभे राहून म्हणाले, "याला एक सखल तोंड ठेवू. मोठा पूर आला तर पाणी आत पसरेल. नाहीतर सगळा लोट पलीकडे जाईल."

"आनी माजीं पोफळां?" गुरुदास म्हणाला. "पलतड डिचोली तालुको, साहेब. तांचें ते पळयतले."

बैठक झाली ती पेडण्यात, आमच्या तालुक्याच्या गावी. पलीकडच्यांचा तालुका वेगळा, त्यांना विचारणार कोण? साहेबांनीही शेवटी मान डोलावली आणि तोंड न ठेवताच मला पुरा केलं.

पलतडला, म्हणजे नदीच्या पलीकडच्या काठाला, अगदी माझ्यासमोर, गुरुदासची धाकटी बहीण पद्मावती नांदते. तो काही तिच्या वाइटावर नव्हता. तिच्या घरात कधी पाणी शिरलं नव्हतं, म्हणून घर उंचावर आहे असं तो धरून चालला. घर उंच नव्हतं हो, इकडची खण खोल होती!

श्रावणात नदी फुगली. मी छाती काढून उभा राहिलो, माझं कामच ते. पाणी माझ्यावर आपटलं, वळलं आणि समोर गेलं. आधी तिची पायरी गेली, मग उंबरठा, मग चुलीजवळची लाकडं तरंगत बाहेर आली. सासूला पाठीवर घेऊन पद्मावती चढणीला लागली होती. मला सगळं दिसत होतं आणि माझा एक दगडही ढिला होत नव्हता. इकडे पोफळींच्या मुळाशी थेंब नाही. आपलं काम चोख केल्याची इतकी शरम वाटते, हे मला ठाऊक नव्हतं.

गणपतीची चवथ आली. बहिणीकडे माहेरचं वजें पोचवायला गुरुदास डोक्यावर हारा घेऊन होडीची वाट पाहत माझ्यावर उभा होता. हाऱ्यात नेवऱ्या, लाडू, नारळ, केळ्यांचा घड. होडी लागली, तर तिच्यातून पद्मावतीच उतरली. वजें यायच्या आधी सासुरवाशीण अशी स्वतः येत नाही. तिने हाऱ्याला हात लावला नाही.

"दादा, औंदा वजें नाका माका."

"कित्याक गे? रागार जालें?"

"ल्हान आसताना हांगा उदक पसरतालें, याद ना तुका? बांदाक तोंड दी. तेंच माजें वजें." होडीत पाय ठेवताना ती वळली. "पावस अजून सोंपूंक ना, दादा."

हारा तसाच घरी गेला. संध्याकाळी गुरुदास कुदळ घेऊन आला. चार घाव घातले, दोन दगड हलवले. मग मागे वळून गुडघाभर पोफळींकडे पाहिलं, कुदळ माझ्या अंगावर टाकली आणि खाली मान घालून निघून गेला.

ती अजून इथेच पडली आहे. घाटाकडे आभाळ भरलंय, नदीचा आवाज बदललाय. मला फोडा असं बांधानेच म्हणावं, हे जगावेगळंच. पण पोफळी पुन्हा लावता येतील. समोर पद्मावती चुलीजवळची लाकडं माळ्यावर चढवते आहे. गुरुदास, ये रे. मला दुखणार नाही.