बारावं स्थान

बुधवारी दुपारी आप्पा देवळाच्या भिंतीला चुना देत होते आणि मी सावलीत बसून त्यांच्या चुका काढत होते.

"वरचा कोपरा राहिला, आप्पा."

"तिथं पालीचं बिऱ्हाड हाय. सणासुदीला कुठं घालवू तिला?"

घमेल्यात चुना कालवणारी गौराबाई खालून म्हणाली, "पालीला वेदीजवळ जागा, आन् आमाला म्हंता, बाई, मागं सरक."

"पाल गप बसती, गौराबाई."

बायका हसल्या. आप्पाही शिडीवर हसले. चुन्याच्या शिंतोड्यांनी त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. त्या हसण्यात मला विशेष काही दिसलं नाही. विशेष काही नव्हतंच.

आप्पांना सगळे शांतलिंग मास्तर म्हणत, पण ते शाळेचे मास्तर नव्हते. लोहाऱ्यापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावात आमची, म्हणजे कॅथलिकांची, चाळीसेक घरं. फादर सेराव सायकलवरून अशी तीन गावं सांभाळत. ते नसतील तेव्हा प्रार्थना सांगणं, पोरांना धर्म शिकवणं, आजाऱ्याजवळ बसणं हे आप्पांचं काम. निजामाच्या वेळच्या शाळेत ते उर्दू शिकले होते. देवनागरी शिकले तिशी उलटल्यावर, प्रार्थनेच्या पुस्तकासाठी. अजूनही ओळीखाली बोट ठेवून वाचत. मी सोलापूरला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्याला घरी येत होते. हे सत्तावन्न साल.

तयारीची कामं वर्षानुवर्षं वाटलेली होती. चुना आप्पांचा, अंगण सारवणं गौराबाईचं. बिराप्पाचं काम क्रूस करण्याचं. शुक्रवारी दुपारी क्रुसाची वाट चालायची म्हणून देवळापासून माळापर्यंत बाभळीचे चौदा क्रूस रोवत. येशूला शिक्षा झाली तिथपासून त्याला थडग्यात ठेवलं तिथपर्यंत चौदा स्थानं, प्रत्येक स्थानाला एक क्रूस. ईस्टरची कागदी फुलं करायची बिराप्पाच्या बायकोनं, अयोध्येनं. तिला त्या वर्षी सातवा महिना होता आणि पोटावर परात ठेवून ती फुलं चुरगाळत बसली होती.

फादर सेराव आले ते एक कागद घेऊनच. मंगळुरी माणूस, मराठी पुस्तकातून शिकलेला.

"शामलाबाई, एक कृपा करावी. रोमहून नवा नियम आला आहे, उपासाचा. बिशपांनी इंग्रजीत पाठवला. आपण मराठी करावं, मास्तर वाचून दाखवतील. मला आज दुसऱ्या वस्तीवर जायचं आहे."

कागदात पाच ओळी होत्या. कम्युनियन, म्हणजे उपासनेत मिळणारी पवित्र भाकर, घेण्याआधी तीन तास अन्न घेऊ नये. एक तास आधीपासून चहा-दूध घेऊ नये. पाण्यानं उपास मोडत नाही, ते केव्हाही प्यावं. मी आधी तसंच लिहिलं. वाचलं तर डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं वाटलं. पुस्तकं वाचून वाचून मला नेटक्या वाक्याची चटक लागली होती. मी सगळं खोडलं आणि लिहिलं, 'कम्युनियनच्या आधी तीन तास काही खाऊ-पिऊ नये.' एका वाक्यात आटोपलं.

पाणी माझ्या लक्षातच आलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आलं होतं. पाण्याची सूट चार वर्षांपूर्वीच मिळाली होती आणि सोलापूरला आम्ही तेव्हापासून मिस्साच्या, म्हणजे कम्युनियनच्या उपासनेच्या, आधी पाणी पीत होतो. पाणी चालतं हे आता काय सांगायचं, असं मला वाटलं. आमच्या गावच्या आधीच्या म्हाताऱ्या फादरांनी ती सूट कधी वाचूनच दाखवली नव्हती, हे मला ठाऊक नव्हतं.

आप्पांनी हात पुसले, बोट ठेवून वाचलं. "खाऊ-पिऊ नये. बेस लिवलंस. सरळ." मग त्यांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

बिराप्पा म्हणाला, "तीन तास म्हंजे किती, मास्तर? गावात घड्याळ एक, तेबी देवळात."

"मंग सकाळपास्नंच धरा. देवाच्या कामात जास्त झालं तर चालतं. पोरं, पोटुशा बाया, म्हातारी माणसं सोडून."

"आन् तुमी? तुमी काय जवान हाव?"

"मी मास्तर हाय. मला मध्यरात्रीपास्नंच्या जुन्या उपासाची सवय हाय."

मी तोवर परत पुस्तकात डोकं घातलं होतं.

गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सात घंटा शेवटची वाजली आणि आप्पांनी तिचा दोर वर गुंडाळून बांधला. शनिवारपर्यंत घंटा वाजत नाही. लोकांना बोलवायला लाकडी खटखट्या फिरवतात.

शुक्रवारी सकाळी उठले तेव्हा आप्पा माळावर गेलेले होते. क्रूस आदल्या दिवशी रोवले की गुरं अंग घासून पाडतात, म्हणून खड्डे शुक्रवारीच खणायचे, असा रिवाज. अकरा वाजता मी तांब्या घेऊन गेले. सातव्या स्थानाचा खड्डा चालू होता. एप्रिलचं ऊन, मुरमाड जमीन, पहारीचा खण खण आवाज. आप्पांचा सदरा पाठीला चिकटला होता. ओठांवर पांढरी रेघ होती, चुन्यासारखी.

"पाणी घ्या, आप्पा."

ते हसले. "तूच लिवलंस की, पिऊ नये."

"पाण्याला काय होतंय?"

"काय होतंय कसं? चारला कम्युनियन हाय." आणि त्यांनी पहार उचलली.

बिराप्पा आणि दोन माणसं शेजारीच होती. मला वाटलं, हट्ट करतायत. आमची सगळी सूट त्यांना लाडच वाटायची. आमच्या येळंला आमी थुंकीसुद्धा गिळत नव्हतो, असं ते मला नेहमी चिडवत. चारचौघांत वडिलांशी वाद कशाला घालायचा, म्हणून मी बोलले नाही. तांब्या बाभळीच्या मुळाशी ओतला आणि घरी आले. त्या ओतण्यात राग होता, हेही सांगून टाकते.

एक वाजता खटखट्या वाजला. शंभर-सव्वाशे माणसं जमली. फादर चारपर्यंत येणार होते, वाट चालवायची आप्पांनीच. त्यांनी मोठा क्रूस खांद्यावर घेतला. प्रत्येक स्थानापाशी थांबायचं, ते दोन ओळी म्हणत, आम्ही गुडघे टेकून उत्तर देत असू. आठव्या स्थानाला त्यांचा आवाज बसला. दहाव्याला ते एक ओळ विसरले. मागून कुणीतरी सांगितली.

बाराव्या स्थानाला येशू क्रुसावर प्राण सोडतो. तिथं कुणी काही म्हणत नाही. सगळे गुडघे टेकतात, कपाळ जमिनीला लावतात आणि मास्तर उठवीपर्यंत गप्प राहतात. आप्पा दरवर्षी तिथं जरा जास्तच वेळ थांबत. पोरं त्यावरून त्यांची नक्कल करत.

आप्पांनी क्रूस खाली ठेवला, गुडघे टेकले, मग पालथे झाले. आम्हीही कपाळ टेकलं. माती भाजत होती. कुठंतरी तान्हं मूल रडलं आणि गप झालं. मी मनात अंक मोजायला लागले होते. शंभर झाले, दोनशे झाले. आप्पांना आज फारच भक्ती आलीय, असं माझ्या मनात आलं. हेच शब्द.

अखेर गौराबाई कुजबुजली, "मास्तर, उठवा की आता. गुडघं गेलं माजं."

दोघी-तिघी तोंडात पदर धरून हसल्या. मीसुद्धा हसले असेन.

बिराप्पानं मान वर केली. तो गुडघ्यांवरच पुढं सरकला आणि त्यानं आप्पांच्या खांद्याला हात लावला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी गेले. आम्ही दोघांनी त्यांना उताणं केलं. कातडी कोरडी होती, तव्यासारखी तापलेली. घामाचा टिपूस नव्हता. कुणीतरी कुठूनतरी पाणी आणलं. माझ्या मायनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडात पाणी घातलं. ते एका कोपऱ्यातून सरळ बाहेर आलं आणि कानामागून ओघळून तिच्या लुगड्यात गेलं. तिनं पुन्हा घातलं. पुन्हा आलं.

सव्वाशे माणसांत कुणी रडलं नाही. सगळे अजून गुडघ्यांवरच होते. मास्तरांनी उठवलं नव्हतं ना.

बिराप्पानं मला विचारलं, "ताई, तेरावं स्थान म्हणायचं का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

फादर सेराव साडेतीनला आले. त्यांनी आप्पांच्या कपाळाला शेवटच्या संस्काराचं तेल लावलं, प्रार्थना म्हटली. मग मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उन्हानं लाल झाला होता.

"बिराप्पा सांगतो, मध्यरात्रीपासून पाणी घेतलं नाही. पण पाण्याची मुभा तर आहे. आपण ते लिहिलं होतं ना?"

"हो, फादर."

तोवर मला काहीच कळलं नव्हतं. हे शब्द तोंडातून निघाले आणि मग सगळं कळलं. सातव्या स्थानावरचं त्यांचं हसणं कळलं. तूच लिवलंस की, हे त्यांनी चिडवून म्हटलेलं नव्हतं. ते मला माझा नियम सांगत होते.

फादरांनी मान हलवली. "मग ती त्यांची इच्छा होती. मोठा आत्मा."

चारला उपासना झाली. लोकांनी कम्युनियन घेतलं, मायनंही घेतलं. मी जागेवरून उठले नाही.

शनिवारी सकाळी दफन झालं. त्या दिवशी मृतासाठी मिस्सा होत नाही, घंटाही नाही. पुढं एक माणूस खटखट्या फिरवत चालला. आठवड्यापूर्वी आप्पांनीच खटखट्याच्या सुटलेल्या फळ्या बसवल्या होत्या. माती लोटून झाल्यावर फादर दुसऱ्या वस्तीकडं निघाले. दिवेलागणीला रात्रीच्या मिस्सासाठी परत येणार होते. ते वळणाआड गेल्यावर गौराबाई कबरीपाशी उभी राहिली.

"ऐका गं समद्या. मास्तर निर्जळी गेले. आज रातच्या कम्युनियनपत्तूर मी थेंब घेणार न्हाय. जिला मास्तरांचा मान ठेवायचा ती ठेवल."

"मीबी," कुणीतरी म्हणालं. "आमीबी." पुरुषांनी टोप्या काढल्या. अयोध्येनं पदर सावरला आणि म्हणाली, "म्याबी." मायनं आदल्या दुपारपासून पाण्याला तोंड लावलं नव्हतं, हे मी पाहिलं होतं.

मी तिथंच बोलायला हवं होतं. मी गप्प राहिले, कारण सगळे माझ्याकडं फार मायेनं बघत होते. मास्तरांची पोरगी.

सण थांबत नाही. कबरीवरून बायका सरळ देवळात आल्या. गुरुवारी रात्री वस्त्रं काढून उघडी केलेली वेदी सजवायची होती, अंगण पुन्हा सारवायचं होतं, रात्रीच्या विस्तवासाठी लाकडं रचायची होती. सगळ्या आप्पांबद्दल बोलत होत्या. त्यांच्या बोलण्यात आप्पा एका दिवसात उंच झाले होते. पहाटे चारला उठून प्रार्थना करत, असं एक म्हणाली. ते सहाला उठत. चुलीला फुंकर घालत आणि मायला चहा करून देत.

"ठरवूनच गेले," गौराबाई सारवताना म्हणाली. "बाराव्या स्थानाला. न्हायतर असं हुतंय व्हय?"

दोन वाजता ती सारवता सारवता थांबली आणि शेणाचे हात तसेच धरून भिंतीला टेकली. तिचं वय सत्तरीपुढं. तिच्या ओठांवर मी ती पांढरी रेघ पाहिली. वेदीजवळ फुलं बांधणारी अयोध्या हळूच खाली बसली, मग आडवी झाली.

मी धावले. "अयोध्या, पाणी आणते."

तिनं डोळे मिटूनच मान हलवली. "नगं, ताई. मास्तरांनी न्हाय घेतलं."

"तुझ्या पोटात मूल आहे."

"तेबी मास्तरांचंच शिष्य हुणार हाय." ती हसायला गेली, पण ओठ चिकटले होते.

मी मायकडं वळले. ती मेणबत्त्यांची बुडं चाकूनं सारखी करत होती.

"माय, सांग तिला. तुझं ऐकेल."

"धरू दे," माय म्हणाली. नजर मेणबत्तीवरच होती. "त्येंचा मान हाय. म्याबी धरलाय. त्येंनी उन्हात जीव दिला, आमाला सावलीत एक दिस जड झाला का?"

फादर यायला अजून चार-पाच तास होते. आल्यावर ते सांगतील, पाणी चालतं, कोणी सांगितलं नाही काय? मग सगळे माझ्याकडं बघतील. किंवा बघणार नाहीत. मास्तरांना ठाऊक होतं आणि तरी त्यांनी घेतलं नाही, असं म्हणतील, आणि आप्पांची उंची आणखी वाढेल. मला गप्प राहता आलं असतं. जन्मभर राहता आलं असतं, इतकं ते सोपं होतं. अयोध्येच्या मानेवरची शीर जोरात उडत होती. तिची कातडी कोरडी होती.

मी उठून वेदीच्या पायरीवर उभी राहिले. तिथं बायका उभ्या राहत नाहीत. सगळ्यांना वाटलं, मी आप्पांसाठी प्रार्थना सांगणार. गौराबाईनं शेणाचे हात जोडले. गुडघे टेकवायला दोघी वाकल्या.

"टेकू नका," मी म्हणाले. वर्गात बोलते तेवढ्या मोठ्यानं. "ऐका. आप्पांना पाणी चालत होतं. सगळ्यांनाच चालतं, आत्तासुद्धा. फादरांच्या कागदात लिहिलं होतं, पाण्यानं उपास मोडत नाही. ती ओळ मी गाळली. मला ती नको वाटली म्हणून गाळली. काल फादरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. आप्पांनी नवस केला नव्हता, माय. त्यांना तहान लागली होती. मी लिहिलं, पिऊ नये, म्हणून ते प्याले नाहीत."