पंचविसाव्या हुकावरची पाटी

मित्रांनो, फुटबॉलच्या बातम्यांत 'आघाडीची फळी', 'बचावाची फळी' असे शब्द तुम्ही वाचले असतील. मी त्यांतली नव्हे. मी नुसती लाकडाची एक जुनी फळी आहे. तरीही एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या सामानखोलीत मी सोळा वर्षं भिंतीवर होते, आणि मोसम सुरू होण्याआधी भलेभले खेळाडू माझ्यासमोर येऊन श्वास रोखून उभे राहत.

कपडे बदलायच्या खोलीतला एक लांब बाक मोडला, तेव्हा क्लबच्या सुताराने त्याच्या तीन पट्ट्या जोडून मला बनवलं. त्याने रंधा मारला, पॉलिश केलं आणि पाच ओळींत पाच-पाच असे पंचवीस पितळी हूक माझ्या अंगात बसवले. हूक कपाटांच्या किल्ल्यांसाठी होते. लीगच्या नियमाप्रमाणे क्लबला मोसमासाठी पंचवीसच खेळाडू ठेवता येत, म्हणून किल्ल्याही पंचवीस. पण मोसमाआधीच्या सरावाला चाळीसेक जण यायचे. सहा आठवडे ते घाम गाळायचे. मग एका शनिवारी सकाळी दहा वाजता कोच यादी वाचून दाखवायचा आणि पंधरा जण आपापली बॅग भरायचे.

सामानखोली ज्यांच्या ताब्यात होती त्यांना सगळे मामा म्हणत. जर्सी धुणं, बूट घासणं, चेंडूंत हवा भरणं ही त्यांची कामं. माणूस अबोल होता. बायको लवकर गेलेली, एकच मुलगी. पहिल्याच वर्षी त्यांनी पत्र्याच्या चाळीस पाट्या कापल्या, त्यांवर खेळाडूंची नावं रंगवली आणि यादीच्या तीन दिवस आधी, बुधवारी सकाळी, त्यांतल्या पंचवीस माझ्यावर अडकवल्या.

"हे काय मामा?" सुताराने विचारलं.

"काही नाही. मला वाटतं, हे राहतील."

शनिवारी पंचवीसपैकी एकवीस नावं जुळली. दुसऱ्या वर्षी तेवीस. चौथ्या वर्षी सगळी.

मामांना कोणी आतून बातमी देत नव्हतं. ते बूट बघायचे. तळव्याचे कोणते स्टड कुठे झिजले, कोणाच्या टाचेला चिखल जास्त, कोण पाय ओढतो, हे त्यांना बूट हातात घेतल्याबरोबर कळायचं. आणि ते कोचचा आवाज ऐकायचे. "ज्याच्यावर कोच ओरडतो तो राहतो," ते एकदा धोब्याला म्हणाले. "ज्याच्याशी गोड बोलायला लागला, त्याचं संपलं."

ज्यांची पाटी लागणार नसायची, त्यांना मामा सोमवारीच एकेकट्याला गाठायचे. शिडी नावाने ओळखला जाणारा एक उंच गोलकीपर होता. मामा त्याला म्हणाले, "बाळा, दुसरीकडे बोलून ठेव. इथं तुझं जमेल असं मला दिसत नाही." शिडी माझ्यासमोर इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून रडला. दोन दिवस मामांशी बोलला नाही. पण त्याने फोन केले, दुसऱ्या क्लबने त्याला घेतलं आणि तिथे तो सहा वर्षं खेळला. भेटायला आला तेव्हा आधी मामांच्या पाया पडला आणि मग माझ्यावरून हात फिरवून गेला. यादीच्या दिवशीच सगळ्या क्लबांची नोंदणी संध्याकाळी बंद व्हायची, त्यामुळे आधी कळणं किती मोलाचं होतं, हे तुमच्या लक्षात येईल.

मग वर्तमानपत्रवाले आले. माझा फोटो छापून आला. 'कोचच्या आधी यादी सांगणारी फळी' असं खाली लिहिलं होतं. दर वर्षी पाट्या लागायच्या त्या बुधवारी सकाळी खोलीबाहेर गर्दी होऊ लागली. मला त्याचा अभिमान वाटायचा. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

त्या क्लबात एक डावा बचावपटू होता. त्याला ओलांडून कोणी पुढे जात नसे, म्हणून त्याचं नाव कुलूप पडलं. मामांची मुलगी मोसमाआधी जर्सींवर आकडे शिवायला सामानखोलीत यायची. कुलूपाच्या जर्सीचा आकडा दर आठवड्याला कसा काय उसवतो, याची बाकीचे चेष्टा करायचे. पुढे दोघांचं लग्न झालं. तेव्हा संघातले म्हणाले, "आम्ही इतकी वर्षं मामा-मामा करून फुकटचे भाचे राहिलो, आणि हा जावई होऊन खरा मामा घेऊन गेला!" मामा त्या दिवशी मोठ्याने हसले होते. मी त्यांना तसं हसताना एकदाच पाहिलं.

लग्नानंतर चौथ्या मोसमात कुलूपाचा उजवा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. आठ महिने तो घरी होता. नव्या मोसमाच्या सरावाला परत आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो धावत होता, हसत होता. कोच त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "सावकाश घे हं, घाई नाही." मामा चेंडू मोजता मोजता थांबायचे.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर मामांनी कुलूपाचे बूट हातात घेतले. डाव्या बुटाचे स्टड पार झिजले होते. उजव्याचे जवळजवळ नव्यासारखे होते. तो उजव्या पायावर वळतच नव्हता. सगळा भार डाव्या पायावर टाकून तो दिवस ढकलत होता. मामांनी दोन्ही बूट उलटे करून शेजारी शेजारी ठेवले आणि कितीतरी वेळ बघत बसले. मीही बघत होते.

मंगळवारी मुलगी शिवणाच्या मशीनवर होती. मशीन थांबवून ती म्हणाली, "बाबा, त्याची पाटी लावणार ना उद्या?"

"बघू."

"बघू काय? त्याला एका लहान क्लबचं पत्र आलंय. दोन वर्षांसाठी घेतो म्हणतात. खेळवतील जपून, आणि नंतर पोरांना शिकवायचं कामही देतील. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय."

"मग?"

"मग काय! म्हणतो, मामांची फळी बघतो आणि ठरवतो. तुम्ही लावलीत तर इथंच राहील. नाही लावलीत तर आम्ही जाऊ."

मामांनी विचारलं, "कुठे आहे तो क्लब?"

"लांब आहे. आगगाडीने एक दिवस आणि पुढे बस."

मुलीने दोरा तोडला. जाताना ती दारात थांबून म्हणाली, "खरं काय ते करा बाबा. त्याला वाईट वाटेल याचा विचार करू नका."

मित्रांनो, ती असं म्हणाली होती. मी ऐकलं आहे.

बुधवारी मामा नेहमीपेक्षा लवकर आले. चोवीस पाट्या त्यांनी भराभर लावल्या. पंचविसाव्या हुकावर त्यांनी एका नव्या बचावपटूची पाटी अडकवली. तीच बरोबर होती. मग ते इस्त्रीच्या टेबलाशी बसले. डबा काढला, एकट्याने खाल्ला, डबा धुतला. त्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. आगगाडीचा एक दिवस आणि पुढची बस त्यांच्या डोक्यात फिरत असणार. ते उठले, नव्या बचावपटूची पाटी काढून खिशात टाकली आणि त्या हुकावर कुलूपाची पाटी लावली. पाटी दोनदा माझ्या अंगावर वाजली.

कुलूप आला. त्याने शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवलं, नाव सापडलं तसं त्याने डोळे मिटले आणि मामांना मिठी मारली. "मामा, आठ महिने झोप नव्हती मला," तो म्हणाला. तिथेच फोन काढून त्याने लहान क्लबला नकार कळवला. मामा पाठ करून जर्सींच्या घड्या घालत राहिले. एक जर्सी त्यांनी तीनदा उलगडून तीनदा घडी केली.

अजून तीन दिवस होते. मामा गुरुवारी बोलू शकले असते. शुक्रवारीही. गुरुवारी ते कुलूपाला दारापर्यंत हाक मारत गेले आणि "पाणी नीट पी" एवढंच सांगून परत आले.

शनिवारी दहा वाजता कोचने यादी वाचली. मला भिंतीतून फक्त आवाज ऐकू येत होता. कुलूपाचं नाव आलं नाही.

तो धावत सामानखोलीत आला आणि फोन लावू लागला. लहान क्लबने त्याच्या नकारानंतर दुसरा बचावपटू घेतला होता. त्याने आणखी तीन क्लबांना विचारलं. दोघांनी गुडघ्याचा अहवाल मागितला, एकाने उचललाच नाही. दुपार गेली. संध्याकाळी नोंदणी बंद झाली तेव्हा फोन त्याच्या मांडीवर होता आणि तो भिंतीकडे बघत होता. रविवारच्या वर्तमानपत्रात छापून आलं, 'फळी पुन्हा खरी! पंचवीसपैकी चोवीस.'

आठवड्याने तो क्लबचं सामान परत द्यायला आला. तीन जर्सी, दोन चड्ड्या, ट्रॅकसूट, बॅग. मामा एकेक वस्तू कपाटात ठेवत होते.

"मामा, एक विचारू?"

"विचार ना."

"तुम्ही माझे बूट बघितले होते ना? तुम्हाला काहीच दिसलं नाही?"

मामा म्हणाले, "नाही रे. बूट चांगले होते तुझे."

कुलूपाच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रंग आला. "बघा! म्हणजे पाय ठीक आहे. कोचचंच चुकलं. मी दाखवतोच त्याला पुढच्या वर्षी."

आपले बूट तो तिथेच विसरून गेला. आणि त्या एका शब्दावर विसंबून तो रोज पहाटे धावू लागला. फिजिओने थांब म्हटलं तर तो म्हणायचा, "मामांना बुटांवरून सगळं कळतं. ते म्हणाले, ठीक आहे." थंडी सुरू होण्याआधी एका सकाळी वळताना तोच गुडघा पूर्ण निकामी झाला. आता तो जिना एकेक पायरी उतरतो.

ही बातमी सांगायला मुलगी सामानखोलीत आली. मामा बाहेर दोरीवर टॉवेल घालत होते. ती त्यांची वाट बघत उभी राहिली. फळकुटावर नवऱ्याचे बूट दिसले म्हणून तिने ते उचलले, पुसले आणि सहज उलटे केले. ती तशीच थांबली. बापाच्या हाताखाली ती याच खोलीत वाढली होती. तिला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

मामा आत आले. तिने बूट टेबलावर ठेवले.

"हे तुम्ही बघितलं नाहीत, असं होणारच नाही बाबा."

मामांनी हातातली रिकामी बादली खाली ठेवली.

"आम्ही लांब जाऊ नये म्हणून ना?"

"मला वाटलं, कोच एखाद वेळ ठेवेल..." मामा म्हणाले.

"माझ्याशी खोटं बोलला असतात तर मी भांडले असते आणि विसरलेही असते. त्याचं काय? तो अजून म्हणतोय, मामांनी सांगितलं म्हणजे पाय बरा होणार. त्याला हे मी कसं सांगू?"

ती बूट घेऊन गेली. महिन्याभराने ती दोघं दूरच्या गावी गेली. तिथे एका गोदामात बसून आलेल्या-गेलेल्या मालाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम कुलूपाला मिळालं होतं. मामांना पत्ता कळला तोही सुताराकडून.

पुढच्या मोसमाआधी खेळाडू नेहमीप्रमाणे जमले. मामांनी पाट्या कापल्याच नव्हत्या. "मला आता दिसत नाही," ते म्हणाले. त्या वर्षी पंधरा जणांना शनिवारी दहा वाजताच कळलं. त्यांतल्या किती जणांना मामा सोमवारी सावध करू शकले असते, ते मी मोजलं होतं. नऊ. त्यांतल्या एकालाही त्या वर्षी कुठे जागा मिळाली नाही.

मामा निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना माझा उपयोग ठाऊक नव्हता. हूक उपटून त्यांनी मला मागच्या दाराच्या पायरीवर तिरकं टाकलं. धुण्याची गाडी माझ्यावरून वर चढते आणि खाली उतरते. पॉलिश गेलं, कडा ओल्या होऊन फुगल्या. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. मामा मात्र अधूनमधून मैदानाच्या फाटकापाशी येतात, टपालवाल्याला काही आलंय का विचारतात आणि परत जातात.

मित्रांनो, मला जपा, माझ्यावर पुन्हा रंग द्या, असं मी तुम्हाला म्हणणार नाही. माझी एकच विनवणी आहे. कोणी भरवशाने तुमच्याकडे येईल आणि विचारेल, "तुला काय दिसतंय?" तेव्हा जे दिसतंय ते सांगा. हळू आवाजात सांगा, हात धरून सांगा, पण त्याच्याजवळ दुसरीकडे जायला वेळ उरलेला असतानाच सांगा. त्या बुधवारपासून शनिवारपर्यंत खरं काय ते त्या खोलीत दोघांना माहीत होतं. त्यांतली मी लाकडाची होते.