मेंढीच्या कानात

"आश्रुबा, आज तुम्ही बोलायचं," जीपमधून उतरता उतरता नव्या डॉक्टर रोहिणी मॅडम म्हणाल्या, तसा आश्रुबा जीपच्या आडोशाला सरकला.

माळावर नुकतं फटफटत होतं. धुकं इतकं दाट, की दोरीच्या जाळीने वेढलेल्या वाघुरीत मेंढ्या बसल्यात की धुकंच जागोजागी गोळा होऊन बसलंय, कळू नये. आश्रुबाला अशी वेळ फार आवडायची. आपण कोणाला दिसत नाही, कोणी आपल्याला दिसत नाही. जनावरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून त्याला अठरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात चारचौघांत तो अठरा वाक्यं बोलला असेल तर शपथ. साहेबांनी हाक मारली की 'जी', काम झालं की 'झालं'. बाकीचं सगळं बोलणं जनावरांशी. गाय असो, शेळी असो, तिच्या कानाला तोंड लावून तो काहीबाही सांगत बसायचा. सांगता सांगता त्याला स्वतःचाच विसर पडायचा, आणि सुई टोचून झाली तरी जनावर हलायचं नाही.

"मला न्हाई जमायचं, मॅडम. माझं त-त-प-प हुतंय."

"दवाखान्यात तुमच्याइतकं कोणाला कळत नाही, आणि नेमके तुम्हीच गप्प! मी काल बदली होऊन आलेली. माझं कोण ऐकणार?"

मेंढपाळांनी ऐकायला तर हवंच होतं. पलीकडच्या वस्तीवर बुळकांडीच्या साथीने मेंढ्या पटापट मरत होत्या. इथले कळप पंधरवड्यात चकलांब्याच्या वाटेने चाराईला निघणार होते, आणि ती वाट त्या वस्तीवरूनच जात होती. लस अंगी लागायलाही तेवढेच दिवस लागतात. म्हणजे टोचायची तर आजच, नाहीतर नाहीच.

वस्तीतले सगळ्यांत जुने मेंढपाळ म्हाळूआबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. "सुई नगं," त्यांनी दोन शब्दांत निकाल दिला. "मागल्या साली दगडाबाईच्या मेंढ्यायला टोचली. आठ दिसांत अकरा मेल्या. तिच्या हुत्याच अकरा."

दगडाबाई मागे चुलीपाशी बसली होती. आपलं नाव निघालं तरी तिने मान वर केली नाही.

"लसीने मेंढ्या मरत नसतात," मॅडम सांगायला लागल्या, तसा आबांचा पुतण्या बजरंग उसळला, "मंग कावून मेल्या? सांगा की!"

मॅडमना ते ठाऊक नव्हतं. आश्रुबाला होतं. गेल्या वर्षी त्या मेंढ्या त्यानेच धरल्या होत्या. चौघींचे कान त्याच्या हाताला तापलेले लागले होते. रोग आधीच शिरला होता. त्या चार वेगळ्या काढल्या असत्या तर बाकीच्या वाचत्या. 'साहेब, ह्या तापल्यात' एवढंच म्हणायचं होतं. पण तेव्हाचे डॉक्टर घाईत होते, भोवती माणसं होती, आणि आश्रुबाने मूग गिळले. तेव्हापासून वर्षभर त्याला घास गोड लागला नव्हता.

आता मॅडम त्याच्याकडे पाहत होत्या. सगळेच पाहत होते. आश्रुबाचे पाय आपोआप वळले, तेही माणसांकडे नाही, वाघुरीकडे. जाळी उचलून तो आत शिरला, हाताला लागली ती पहिली मेंढी जवळ ओढली आणि खाली बसला. लोकर वरून दंवाने ओली होती, आतून ऊबदार. त्याने डोळे मिटले. मॅडम विरल्या, आबा विरले, माळही विरला. एक कान तेवढा उरला.

"ऐक माय," तो म्हणाला. "तुला सुई टोचायची हाय. मुंगी चावल्यावानी हुईल. दोन दिस मलूल ऱ्हाशील, मंग चरशील. तुला वाटंल, दगडाआक्काच्या मेंढ्या सुईनं मेल्या. न्हाई माय. चौघींचे कान आदीच तापलेले हुते. माज्या हाताला कळलंतं. सायबाला सांगाया पायजे हुतं, पर मी भेलो. सुईचा कायबी कसूर न्हाई. कसूर माज्या जिभेचा हाय." त्याने तिचा कान चाचपला. "तुजा कान गार हाय. गरम लागला असता तर मीच म्हनलो असतो, नगा टोचू."

आपण कुजबुजतोय असं त्याला वाटत होतं. पण बाहेर सगळे श्वास रोखून उभे होते आणि शब्द न शब्द जाळीपलीकडे पोचत होता.

त्याने डोळे उघडले तेव्हा म्हाळूआबा जाळीशी आले होते. "वरीसभर हे घिऊन हिंडलास व्हय बे?"

आश्रुबाने मान डोलावली.

आबांनी जाळीतून हात घालून त्याच मेंढीचा कान चाचपला. मग मॅडमना म्हणाले, "टोचा. पर आदी कान बघायचे, आन् ते ह्यानंच बघायचे."

काम सुरू झालं. आश्रुबा मेंढी धरायचा, कान बघायचा, काय होणार ते तिला सांगायचा, मग मॅडम टोचायच्या. एकविसाव्या मेंढीला त्याचा हात थबकला. "मॅडम, ही नगं," तो मोठ्याने म्हणाला. "ही तापलीय. येगळी बांधा." मॅडमनी एकही प्रश्न न विचारता सुई बाजूला घेतली. बजरंग धावत दावं घेऊन आला. स्वतःचा एवढा मोठा आवाज ऐकून दचकला तो आश्रुबाच.

तेवढ्यात दगडाबाई उठली आणि जाळी ओलांडून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मेंढीला सांगितलंस," ती म्हणाली. "मला न्हाई सांगितलं."

इथे तोंड लावायला कान नव्हता, आणि डोळे मिटून भागणार नव्हतं. आश्रुबाने वर पाहिलं. "आक्का," तो म्हणाला, "मी बोललो न्हाई म्हनून गेल्या तुज्या मेंढ्या." त्याला रडू फुटलं, पण त्याने मान खाली घातली नाही.

"त्यातल्या दोघी गाभण हुत्या," दगडाबाई म्हणाली.

तिने त्याला माफ केलं की नाही, कोणाला कळलं नाही. ती खाली बसली, पुढची मेंढी जबड्याखाली हात घालून धरली आणि त्याच्यापुढे केली.

"कान बघ," ती म्हणाली.