मेव्हिसच्या पाठीवरची झूल

मित्रांनो, मी एक जुनी झूल आहे. पोळ्याला बैलाच्या पाठीवर मिरवणारी, आरसे-गोंडे लावलेली झूल डोळ्यांसमोर आणू नका. मी कोंबडीची झूल. जाडाभरडा, दोन तळहातांएवढा कॅनव्हासचा तुकडा आणि पंखांत अडकवायला इलॅस्टिकचे दोन पट्टे, एवढाच माझा संसार. हसलात ना? खुशाल हसा. मला पहिल्यांदा पाहणारं प्रत्येक माणूस हसतं. पण मला ‘बिचारी’ म्हणालात, तर मात्र मी ऐकून घेणार नाही.

माझा जन्म काही कोंबडीसाठी झाला नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर ह्युऑन नदीच्या काठाने सफरचंदांच्या बागा होत्या. तोडणीला आलेली माणसं गळ्यात कॅनव्हासची मोठी पिशवी अडकवून शिडीवर चढायची. ती पिशवी म्हणजे मी. नोरीन हॉब्ली नावाची बाई मला गळ्यात घालायची. मार्च लागला, आमच्याकडची शरदातली तोडणी सुरू झाली की सकाळच्या धुक्यात आम्ही दोघी बाहेर पडायचो. फांद्यांनी मला ओरबाडलं, दवाने भिजवलं, सफरचंदांच्या ओझ्याने माझी शिवण ताणली. पण मी कधी उसवले नाही. नोरीन सगळ्यांना सांगायची, “माझी पिशवी माझ्यासारखीच आहे. फाटणार नाही आणि कुणाचं ऐकणारही नाही.”

पुढे दिवस फिरले. विलायतेला जाणारी आमची सफरचंदं बोटीवर चढेनाशी झाली आणि एकेक बाग उपटली गेली. नोरीनचा नवरा क्लॅरी याने आपल्या हाताने लावलेली झाडं आपल्याच ट्रॅक्टरने ओढून काढली. त्या दिवशी तो जेवला नाही. मी शेडमधल्या खिळ्यावर गेले आणि माझ्यावर धूळ बसली. क्लॅरीने मात्र रिकाम्या हातांना नवा नाद लावून घेतला. तो प्रदर्शनात मांडायच्या कोंबड्या पाळू लागला. काळ्याकुळकुळीत, उन्हात हिरवी झाक मारणाऱ्या ऑस्ट्रेलॉर्प जातीच्या.

त्यांतला कोंबडा म्हणजे ब्रिगेडियर. काय त्याचा तोरा! छाती पुढे, तुरा उभा, आणि पायांच्या मागे सुरीसारखी लांब नखं. गावच्या शेतकी प्रदर्शनात त्याला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली. ती क्लॅरीने स्वयंपाकघरात किटलीच्या वर टांगली. बाग गेल्यापासून क्लॅरी मान वर करून चालला तो त्या दिवशी. म्हणून त्या कोंबड्याला कुणी काही बोललेलं त्याला सोसायचं नाही.

आता खरी गोष्ट ऐका. आमच्याकडच्या प्रदर्शनात ‘तिकडी’ नावाची एक स्पर्धा असते. एक कोंबडा आणि दोन कोंबड्या एकाच पिंजऱ्यात मांडायच्या. तिघं एकमेकांना सरावलेली दिसली पाहिजेत, भांडली की गुण गेले. म्हणून हौशी माणसं हिवाळ्यापासूनच त्या तिघांना एका खुराड्यात कोंडतात. क्लॅरीनेही तेच केलं. ब्रिगेडियरसारख्या दांडगटाला दहा-बारा कोंबड्या असाव्यात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्याच्यापुढे होत्या फक्त दोन, डॉट आणि मेव्हिस.

डॉट चपळ होती. तो आला की उडून उंच फळीवर बसायची. मेव्हिस जडशीळ आणि गरीब स्वभावाची, ती जागची हलायची नाही. मग तो दिवसातून कितीदा तरी चोचीने तिची मान धरायचा, तिच्या पाठीवर चढायचा आणि नखांनी पाठ तुडवायचा. आधी पिसं तुटली. मग उपटली गेली. मग नुसतं कातडं उरलं.

एक दिवस नोरीन मेव्हिसला उचलून थेट चहाच्या टेबलावर घेऊन आली.

“क्लॅरी, बघ हिची पाठ. सोललेल्या बटाट्यासारखी झालीय.”

“पिसं गळायचे दिवस आहेत.”

“पिसं गळली की रक्त येतं का रे?”

“अगं, कोंबडा आहे तो! कोंबड्यासारखाच वागणार. काय त्याला रविवारी चर्चमध्ये पाठवू?”

“चर्चमध्ये नको. वेगळ्या खुराड्यात पाठव. नाहीतर ती नखं तरी घास.”

“नखं घासू? परीक्षकाची नजर आधी नखांवर जाते! आणि वेगळा ठेवला तर तिकडी जुळणार कशी? प्रदर्शन होईपर्यंत कळ काढ.”

“मी काढीन. हिने किती काढायची?” नोरीनने विचारलं. क्लॅरीने चहात आणखी साखर घातली आणि ढवळत बसला.

तेव्हा नोरीन शेडमध्ये आली, तिने मला खिळ्यावरून ओढलं, धूळ झटकली आणि कात्री चालवली. पिशवीची झाले झूल. माझ्या एका कोपऱ्यावर सफरचंदाच्या रसाचा जुना डाग होता, तो तिने मुद्दाम ठेवला. मला घातल्यावर मेव्हिस आधी चक्क उलटी चालत सुटली आणि पाण्याच्या भांड्यात बसली. नोरीन पोट धरधरून हसली. पण घटकाभरात मेव्हिस सावरली आणि दाणे टिपू लागली.

मग ब्रिगेडियर आला आणि त्याची नखं पहिल्यांदा माझ्यात रुतली. मित्रांनो, मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, ये की! मी फांद्यांचे ओरखडे खाल्लेला कॅनव्हास आहे, तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत. तो तुडवत राहिला आणि मी तसूभरही फाटले नाही. माझ्याखाली मेव्हिसचं कातडं सुकलं, मग पिसांचे कोंब फुटले, मग मऊ काळी पिसं आली. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात अभिमानाचा काळ होता.

क्लॅरीला तर आभाळ ठेंगणं झालं. “नोरीन, तुझ्या हातांना सोन्याने मढवलं पाहिजे!” तो शेजाऱ्यांना बोलावून मला दाखवू लागला. “पाहिलंत? आता ब्रिगेडियरला हात लावायची गरजच नाही. करू दे त्याला काय करायचं ते. झूल आहे ना!”

हे ऐकलं आणि माझ्या अंगाची आग झाली. म्हणजे मी कोंबडीसाठी होते की कोंबड्यासाठी? मी जखम झाकायला आले होते. यांनी मला त्याच्या दांडगाईचा परवाना करून टाकलं! झूल आहे ना, मग तुडव. झूल आहे ना, मग कुणी बघायला नको.

आणि खरंच कुणी बघेना. “पिसं कोवळी आहेत, प्रदर्शनापर्यंत झूल काढू नकोस,” असं क्लॅरीने बजावलं आणि नोरीननेही ते मानलं. पण माझी धाव पाठीपुरती. माझ्यावर पाय रोवता येईना म्हणून ब्रिगेडियर बाजूने घसरायचा, आणि घसरताना त्याचं नख मेव्हिसच्या पंखाखाली फाडत जायचं. वरून पंख मिटलेला, आत जखम. मला कडेला ओल लागायची. मेव्हिस दिवसेंदिवस हलकी होत चालली होती. नोरीन म्हणायची, “ही दाणे टाकून का देते गं?” अहो, मला तोंड असतं तर मी सगळं गाव गोळा केलं असतं. तोंड नव्हतं. मी रक्त पीत राहिले आणि एकच ठरवलं, हा डाग मी सोडणार नाही. कितीही धुवा.

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये पिंजऱ्यांच्या रांगा, खाली लाकडाचा भुसा, दारात बायकांचा चहा-केकचा ठेला. क्लॅरीने पिंजऱ्याजवळ घाईघाईने मला मेव्हिसच्या अंगावरून काढलं आणि न बघता नोरीनकडे फेकलं. नोरीनने मात्र बघितलं. माझी कडा तिच्या अंगठ्याला लागली, वाळून कडक झालेली. ती काही बोलणार तोच पांढरा कोट घातलेल्या ट्रँटरबाई येऊन उभ्या राहिल्या. त्या परीक्षक. परीक्षकासमोर मालकांनी बोलायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. नोरीनने मला कोटाच्या खिशात कोंबलं.

ट्रँटरबाईंनी ब्रिगेडियरला हातात घेतलं. “देखणा आहे गडी.” डॉटला पाहिलं, मान हलवली. क्लॅरीच्या मिशीत हसू मावेना. मग त्यांनी मेव्हिसला उचललं, पाठीवरून हात फिरवला आणि उवा आहेत का ते बघायला पंख वर केला. त्यांचा हात तिथेच थांबला.

“क्लॅरी, इकडे ये. हे काय आहे?”

“तारेत अडकली असेल.”

“एकाच जागी, रोजच्या रोज? आणि पंखाच्या मुळाशी हा पट्ट्याचा वळ कसला? हिच्या अंगावर काय होतं?”

क्लॅरी बुटाने भुसा उकरू लागला. शेडमधली माणसं जवळ सरकली. तेवढ्यात नोरीनने खिशात हात घातला आणि मला काढून पिंजऱ्याच्या टपावर उताणं ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं.

“हे होतं बाई. मीच शिवलंय.”

माझ्या अंगावर शेकडो ओरखडे आणि कडेला काळपट डाग. तुम्हाला वाटेल, मला लाज वाटली. छट्! मला काय म्हणून लाज वाटावी? डाग माझ्यावर होता, पण करणी माझी नव्हती. मी तिथे पडून होते आणि मनात म्हणत होते, बघा, डोळे फाडून बघा.

“शिवलीस छान,” ट्रँटरबाई म्हणाल्या. “पण नोरीन, आजार कोंबडीला नव्हता. आजार होता कोंबड्याला आणि औषध दिलं तुम्ही कोंबडीला.” त्यांनी मेव्हिसला अलगद खाली ठेवलं आणि त्या पुढच्या पिंजऱ्याकडे गेल्या.

गाडीत बसल्यावर क्लॅरीला कंठ फुटला. “चारचौघांत माझं नाक कापलंस.”

“तुझं नाक उगवून येईल,” नोरीन म्हणाली. “ऐक आता. आज संध्याकाळपर्यंत दुसरं खुराडं उभं राहिलं पाहिजे. नाहीतर उद्या रविवार आहे, माझी भट्टी तापलेली असेल, आणि तिच्यात कोण असेल ते तुला ठाऊक आहे.”

क्लॅरी घुश्शातच राहिला. पण घरी आल्यावर नोरीन मिठाच्या पाण्याने जखम धुवायला बसली आणि मेव्हिसला धरायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्याला हात पुढे करावे लागले. त्याने तिला उचललं मात्र, आणि त्याचा चेहराच बदलला.

“नोरीन, हिच्यात काही राहिलंच नाही गं.”

“नाही राहिलं.”

“ही जगेल ना?”

“मला नाही माहीत, क्लॅरी.”

तो तसाच उठला. सफरचंदांच्या जुन्या खोक्यांच्या फळ्या आणि जाळी घेऊन त्याने ब्रिगेडियरचं वेगळं खुराडं ठोकलं. मग त्याला मांडीत दाबून कानसीने दोन्ही नखं बोथट केली. ब्रिगेडियरने सगळी आळी डोक्यावर घेतली. क्लॅरी म्हणाला, “ओरड. ती ओरडली नाही म्हणून तुझं फावलं.”

मेव्हिस जगली. कशी, ते तिलाच ठाऊक. क्लॅरीने आणखी डझनभर कोंबड्या आणल्या, आणि ब्रिगेडियरला दुपारचं थोडा वेळच त्यांच्यात सोडायचं ठरलं. त्याने दांडगाई केली की क्लॅरी त्याला उचलून बगलेत मारायचा आणि सगळ्या कोंबड्यांसमोरून अंगणभर फिरवायचा. शेजारी कुंपणावर कोपरं टेकून बघायचे. “काय ब्रिगेडियरसाहेब, परेड का?” अशी चार दिवस वरात निघाली की स्वारी आठवडाभर नरम असायची. मेव्हिसच्या जखमेच्या जागी पांढरी पिसं उगवली. काळ्या जातीत पांढरं पीस म्हणजे प्रदर्शनातून कायमची बाद. मेव्हिसला त्याचं ना सुख ना दुःख. ती धुळीत लोळते आणि उन्हात झोपते.

मी पुन्हा शेडमधल्या खिळ्यावर आहे. डाग अजून तसाच आहे, नोरीनने तीनदा उकळलं तरी. परवा पलीकडच्या मळ्यातला रेग आला. “क्लॅरी, तुमची ती झूल दे की. आमचा कोंबडा फार माजलाय, कोंबड्यांच्या पाठी पार सोलून काढल्यात.”

क्लॅरीने माझ्याकडे पाहिलं. मग खिळ्याशेजारची कानस उचलून रेगच्या हातात दिली. “आधी ही ने. कोंबड्याला वेगळा काढ, मग झूल न्यायला ये.”

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणाची पाठ सोललेली असेल, तर मला जरूर बोलवा. जखम भरेपर्यंत मी कुणाचीही नखं अंगावर घेईन, मागे हटणार नाही. पण मला पांघरून तुम्ही कोंबड्याला मोकळा सोडणार असाल, तर मी आहे इथेच बरी, खिळ्यावर. आधी कोंबडा धरा. मग मला हाक मारा.